गड मोकळा करण्याआधी आर्लकडे पाहा

जुलै २०२५ मध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतल्या पन्हाळ्याच्या रहिवाशांना मात्र वेगळीच काळजी लागली होती. आता आमच्या घरांचं काय? पन्हाळ्यावर तटाच्या आत अख्खं गाव नांदतं, गडाला स्वतःची नगरपरिषद आहे. दुसरीकडे ‘गड मोकळे करा’ हा आवाजही चढतो आहे. दक्षिण फ्रान्समध्ये राहून हा वाद वाचताना आर्लचं रोमन अँफिथिएटर डोळ्यांसमोर येतं. तिथे वस्ती उठवण्याचं काम एकोणिसाव्या शतकातच पुरं झालं आहे.

इसवी सन ९० च्या सुमाराची ही लंबवर्तुळाकार वास्तू १३६ मीटर लांब आणि १०७ मीटर रुंद आहे. दोन मजले, प्रत्येकाला ६० कमानी, सुमारे वीस हजार प्रेक्षकांची सोय. साम्राज्य ढासळल्यावर भेदरलेल्या लोकांनी कमानी चिणून तिचाच कोट केला. पुढे वर चार बुरूज चढले आणि आत दोनशेहून जास्त घरं व दोन चॅपेल (छोटी चर्च) उभी राहिली. रोमन खांबांमधल्या जागाच घरांच्या खोल्या झाल्या.

या वस्तीने वास्तूची नासाडी केली असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. दगड गेला, सर्वांत वरचा थर तर पुरता गेला. पण शेजारचं रोमन थिएटर पाहा. त्याची शतकानुशतकं खाण झाली, आणि रंगमंचामागच्या भव्य भिंतीचे दोनच खांब पूर्ण उंचीचे उरले. अँफिथिएटरच्या कमानी टिकल्या, कारण त्यांच्या आधाराने माणसं राहत होती आणि आपल्या घराची भिंत कोणी विकत नाही.

१८२५ च्या सुमारास घरं पाडायला सुरुवात झाली आणि १८३० मध्ये रिंगणात बैलांचे खेळ झाले. मोकळी वास्तू देखणी दिसते, यात शंका नाही. पण थराथराने उकरून नोंद ठेवण्याची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे हजारभर वर्षांच्या वस्तीचा पुरावा राडारोड्याबरोबर गेला. मध्ययुगाची मोठी खूण म्हणून आज तीन बुरूज तेवढे दिसतात.

कायद्यातला फरकही समजून घेण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये संरक्षित वास्तूभोवती साधारणपणे ५०० मीटरचं वर्तुळ असतं. त्यात बांधकामावर सरसकट बंदी नसते. प्रत्येक अर्ज सरकारी वास्तुविशारद तपासतो आणि छपराची कौलं, खिडकीचा आकार, गिलाव्याचा रंग यांवर अटी घालतो. आपल्याकडे प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या बदलानंतर संरक्षित वास्तूभोवतीचे पहिले १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित झाले. १०० मीटरच्या आत जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते, नवं बांधकाम जवळजवळ अशक्य. पन्हाळ्यासारख्या गडावर वास्तू गावभर विखुरलेल्या, म्हणजे सगळं गावच या वर्तुळांत सापडतं. परवानगी रखडली की लोक गुपचूप सिमेंट आणि पत्रा वापरून काम उरकतात. वास्तूच्या शेजारी सर्वांत वाईट बांधकाम असंच होतं.

सिमेंटचा धोका तर थेट तटालाही आहे. सिमेंटचे सांधे कडक असतात आणि ओल बाहेर सोडत नाहीत. मग ती ओल दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाजवळ साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आर्लचा चुनखडक मऊ, त्यामुळे तो लवकर झिजतो. आपला काळा दगड टणक आहे, पण त्यामागची चुन्याची भर धुपली की तट आधी पोटातून पोकळ होतो, मग फुगतो आणि एखाद्या पावसाळ्यात ढासळतो.

म्हणून पिढ्यानपिढ्या राहणारी घरं पन्हाळ्यावर राहू द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. तटाला खेटून धंद्यासाठी नव्याने उभारलेली बांधकामं हटवावीत, पण तीही मोजमाप, छायाचित्रं आणि पायाखालच्या जमिनीची तपासणी झाल्यावरच. जुन्या घरांसाठी दुरुस्तीचा ठरावीक नमुना आधीच मंजूर करून ठेवावा: चुन्याचा गिलावा, उतरतं कौलारू छप्पर, ठरलेली उंची. त्यात बसणाऱ्या अर्जाला मुदतीत उत्तर मिळालंच पाहिजे. सांडपाण्याची सोय त्याहून तातडीची आहे, कारण शोषखड्ड्यात मुरलेलं पाणी उतारावरून तटाच्या पायाशीच जातं.