खुलासा: एएमटी (आपोआप गिअर बदलणारा) ट्रक उतारावर न्यूट्रल करू नका

‘एएमटी गाडीला क्लच नसतो, त्यामुळे घाटात इंजिन गाडी धरत नाही, उतारावर न्यूट्रल करा, डिझेलही वाचतं’ असा मेसेज ड्रायव्हर ग्रुपवर फिरतोय. त्यातलं क्लचचं वाक्य माझ्याच जुन्या पोस्टमधलं आहे. चूक माझी. मला ‘क्लचचं पेडल नसतं’ असं लिहायचं होतं.

आपल्याकडच्या एएमटी ट्रकमध्ये क्लच असतोच, गिअरही तेच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या पायाहाताऐवजी कंट्रोलर करतो. त्यामुळे मॅन्युअल मोड घेऊन खालचा गिअर धरला की इंजिन गाडी व्यवस्थित रोखून ठेवतं.

न्यूट्रल केलं की इंजिन आणि चाकं सुटी होतात. मग एक्झॉस्ट ब्रेकचं (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणाऱ्या ब्रेकचं) बटण दाबा नाहीतर नका दाबू, फरक शून्य! सगळा भार चाकांच्या ब्रेक लायनरवर. ब्रेकचे ड्रम तापतात, जळका वास येतो आणि ब्रेकचं पेडल दाबूनही गाडी ओढत राहते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना हा वास बऱ्याच जणांनी घेतलाय.

डिझेलचं म्हणाल तर उलटंच आहे. गिअरमध्ये असताना रेसवरून (अ‍ॅक्सिलरेटरवरून) पाय काढला की नवीन इंजिनं डिझेल बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दिसत असेल तर स्वतः बघा.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.