पोटातले दोन वडे

आमच्या घरात माणसं चार आणि चित्रं हजाराच्या वर. हा आकडा मी हवेत सोडत नाहीये. एका रविवारी बायको माहेरी गेली होती तेव्हा मी बसून हिशेब केला. ऑफिसात वापरतात तो ए-फोरचा ८० जीएसएमचा कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो. सीनियर केजीत जाणारी आमची कन्या दिवसाला तीन चित्रं काढते. वर्षाची झाली १,०९५, म्हणजे साडेपाच किलोला थोडी कमी. त्याच वर्षात खुद्द कन्येचं वजन वाढलं दोन किलो. माझी आई दिवसभर वरणभाताची वाटी घेऊन तिच्यामागे धावते, त्यातलं बरंचसं अंगी न लागता कागदाला लागतंय, असं माझं मत झालंय. शिवाय हे वजन नुसत्या कागदाचं. वरचा फेव्हिकॉल, टिकल्या, कापूस आणि आइस्क्रीमच्या काड्या वेगळ्या.

चूक माझीच. ऑफिसातले पाठकोरे कागद घरी आणायला मीच सुरुवात केली. तेवढीच बचत, असं वाटलं होतं. आता एका बाजूला मागच्या तिमाहीचा ताळेबंद आणि दुसऱ्या बाजूला परी असे शेकडो कागद घरभर फिरतात. आमच्या साहेबांच्या हातात हे पडलं तर ते आधी कुठली बाजू बघतील, सांगता येत नाही. परी जास्त जुळवून काढलेली आहे.

त्यात शाळेची भर. शाळा वर्षभराचं सगळं काम मार्चअखेरीला एका मोठ्या पिशवीत बांधून, रिबिन लावून पालकांच्या हवाली करते. एवढं सगळं ठेवायचं कुठे, हा प्रश्न शाळेलाही पडत असणार. फरक एवढाच की शाळेकडे आमचा पत्ता आहे.

आम्ही प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहिला मान अर्थातच फ्रीजचा. पण आमच्या फ्रीजचा दरवाजा काचेचा. दुकानात बायकोला त्यात स्वतःचं प्रतिबिंब आवडलं म्हणून घेतला. त्यावर चुंबक चिकटत नाही, सावकाश घसरत खाली येतो आणि फ्रीजखाली जातो. उरली फ्रीजची एक बाजू. तिच्या आणि भिंतीच्या मध्ये वीतभर फट. तिथे चार चित्रं लावली, पण ती बघायची तर मान वाकडी करून फटीत डोकं घालावं लागायचं. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तेव्हा कन्येने त्यालाही बघायला लावलं. तो बिचारा सिलिंडर खाली न ठेवता "छान आहे" म्हणाला. घाईत असावा.

मग भिंत. डबल टेपने हॉलच्या भिंतीवर सहा चित्रं लावली. महिन्याभराने त्यातलं एक बदलायला गेलो, तर चित्राबरोबर रंगाचा पापुद्रा आला, त्याच्यामागून पुट्टी आली आणि आत १९९० सालचा असावा असा पोपटी रंग दिसला. आम्ही भाड्याने राहतो. घरमालक काका दर तीन महिन्यांनी "सहज आलो होतो" म्हणत येतात आणि सहज भिंतींकडे बघतात. त्यामुळे उरलेली पाच चित्रं आता कलाकृती राहिलेली नाहीत, ती बांधकामाचा भाग आहेत. आम्ही घर सोडू तेव्हाच ती निघतील, डिपॉझिटसकट.

शेवटी मी हॉलमध्ये या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत सुतळी बांधली आणि लाकडी चिमटे आणले. इंटरनेटवर अशा दोरीचे फोटो बघितले तर जीव हरखतो. पांढरी भिंत, मंद दिवे, पाचच चित्रं. आमच्याकडे दोरी बांधल्यावर तासाभरात आईने तिच्यावर स्वतःचा पंचा वाळत घातला. तिचं म्हणणंही बरोबर होतं. तिच्या साठ-पासष्ट वर्षांच्या अनुभवात दोरीला चिमटे असले की त्याचा दुसरा अर्थ होत नाही. जुलैत तर पावसाने पर्यायच ठेवला नाही. मोजा, चित्र, मोजा, चित्र, शाळेचा युनिफॉर्म, चित्र. पंखा लावला की सगळं प्रदर्शन फडफडायचं. शेजारचे आजोबा आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा मोज्याचा प्रकार वेगळा वाटतो."

या सगळ्यात मला धीर दिला तो केळकर संग्रहालयाने. पुण्यात राहून राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायचं राहून गेलं होतं, ते एकदा पाहुण्यांच्या निमित्ताने झालं. केळकरांनी जमवलेल्या वस्तू २०,००० च्या वर आणि त्यातल्या मांडलेल्या साधारण २,५००. तिथल्या अडकित्त्यांसमोर उभं असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या मोठ्या माणसाचा संग्रहसुद्धा सगळाच्या सगळा मांडलेला नाही! मग आपण कोण? घरी येऊन नियम केला: दोरीवर दहा चित्रं, दर रविवारी बदल, बाकीची पलंगाखालच्या खोक्यात. फिरतं प्रदर्शन.

त्या भरात बायकोला मी र्‍होडा केलॉग या अमेरिकन बाईंबद्दलही सांगितलं. त्यांनी लहान मुलांची दहा लाखांच्या आसपास चित्रं गोळा केली आणि पोरांच्या रेघोट्यांचे २० मूळ प्रकार शोधून काढले. बायकोने भाजी निवडत सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यांचं घर केवढं होतं?"

नियम चांगला होता. अडलं ते दहा निवडताना. कन्येला समोर बसवून एकेक कागद दाखवायला घेतला. एका कागदावर मधोमध फक्त एक ठिपका.

"हे ठेवायचं?"

"हो! मुंगी आहे."

"एवढीच?"

"लांब आहे ना ती."

दुसरा कागद वरपासून खालपर्यंत काळ्या तेलखडूने घोटलेला. हात लावला की बोट काळं. तो म्हणे लाइट गेल्यावरचा आपला हॉल. "हा तू, ही आई, ही आजी," असं तिने अंधारात बोट ठेवून ठेवून दाखवलं. आता यातलं काय टाकायचं? टाकलं तर आपण चौघंही गेलो. दोन तासांनी मंजूर झालेल्या चित्रांचा गठ्ठा आधीच्या गठ्ठ्याएवढाच होता आणि त्यात तीन चित्रांची भर पडली होती, कारण मी विचारत असताना तिचा हात रिकामा नव्हता.

मोराची गोष्ट सांगायलाच हवी. शाळेत पोरांकडून कडधान्याचा मोर करून घेतला होता. अंग मुगाचं, पिसारा मसुरीचा, डोळ्याच्या जागी एक राजमा. खरोखर देखणा मोर. तो दोरीला पेलेना म्हणून टीव्हीच्या कपाटावर उभा केला. श्रावणात एका संध्याकाळी बातम्या बघताना मला वाटलं, मोराने मान हलवली. चष्मा पुसला. मोराने पुन्हा मान हलवली. जवळ जाऊन बघतो तर मुगामुगाला बारीक भोक, आणि तपकिरी भुंगे मोराच्या पोटातून निघून पिसाऱ्याकडे स्थलांतर करताहेत.

"मुगाला भुंगे झालेत," आईने चष्मा न लावता निदान केलं. "आधी एरंडेल लावून ठेवायला हवं होतं. आता ऊन दाखव."

"श्रावणात?"

"मग चाळून घे."

मोर चाळता येत नाही हे तिला पटवायला वेळ गेला. कन्या एकीकडे "माझ्या मोराला बाळं झाली" म्हणून नाचत होती. शेवटी बायकोने मोर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवला. चार दिवस ठेवला की किडे मरतात म्हणे. त्याला आता दोन महिने झाले. मटारच्या पिशवीशेजारी तो आहे आणि त्याचा राजम्याचा डोळा बर्फ काढताना आपल्याकडे बघतो. फ्रीजच्या बाहेर कला टिकली नाही. आत टिकली.

पण ज्या चित्राने मला आयुष्यातून उठवलं ते हे नव्हे.

मुलं माणसाचं चित्र काढायला लागतात तेव्हा आधी एक मोठा गोल काढतात आणि त्यालाच पाय जोडतात. धड नाही, डोक्यालाच पाय. तीन-चार वर्षांची बहुतेक पोरं हेच करतात, त्यात आमच्या घराण्याचा दोष नाही. कन्येच्या जुन्या चित्रांत मीही तसाच आहे, बेडकाच्या पिल्लासारखा. यंदा तिने मला धड दिलं. दिलं ते असं की आता धडच आहे, बाकी मी त्याच्या कडेकडेने उरलोय. तेही मी सहन केलं. पण याच वयात पोरांना आणखी एक सवय असते. दिसतं ते काढण्यापेक्षा त्यांना माहीत असतं ते काढतात. घर काढलं की भिंतीआडचा फ्रीज दिसतो, गाईच्या पोटात वासरू दिसतं. एक्स-रे काढावा तसं.

आता पार्श्वभूमी. माझं कोलेस्टेरॉल वाढल्यापासून घरात तळकट बंद आहे. तळकट दिसलं तर ते आईच्या ताटात, आणि तेही मी आत असताना. दर शनिवारी मी कन्येला बागेत नेतो आणि बागेच्या कोपऱ्यावर वड्याची गाडी आहे. एवढं सांगितलं तरी बाकीचं कळलं असेल. मी तिला पेप्सीची कांडी घेऊन द्यायचो आणि "आईला सांगायचं नाही" म्हणायचो. पोरगी शब्दाची पक्की. तोंडाने एक अक्षर बोलली नाही.

तिने चित्र काढलं.

रविवारी चहा पिताना बायकोची नजर दोरीवर गेली. मधोमध, मोज्याच्या शेजारी, मी. हसतमुख. हाताला आठ बोटं. आणि पोटात, अगदी आरपार दिसतील असे, दोन पिवळे गोल.

"हे काय गं?"

"बाबा."

"नाही, हे पोटात?"

कन्या माझ्याकडे बघायला लागली. दिलेला शब्द आणि कलेतलं सत्य यात ती अडकली होती.

"शर्टाची बटणं आहेत ती," मी म्हणालो.

"पिवळी? आणि शर्टाच्या आत?" मग बायकोने गळ्याजवळच्या एका हिरव्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि ही?"

"ती मिरची," कन्या म्हणाली. "ती अजून खाली जायचीये."

पुढचं सगळं सांगत नाही. मी कबुली दिली. दोन वडे, एकदाच, मोह झाला. बायकोने ऐकून घेतलं आणि शिक्षा म्हणून फिरत्या प्रदर्शनाच्या नियमात दुरुस्ती केली: बाकीची नऊ चित्रं दर रविवारी बदलतील, हे कायम राहील. सासरे येऊन बघून गेले. घरमालक काका सहज आले होते, त्यांनी या वेळी भिंतीकडे बघितलंच नाही.

तीन आठवड्यांनी एका रात्री मी ते उतरवलं. फाडणार होतो, पण हात होईना. कागदावरचा मी फार आनंदात होतो. मग चार घड्या घालून बिस्किटांच्या रिकाम्या पुठ्ठ्यात कोंबलं, वर जुनी बिलं घातली आणि पुठ्ठा सुक्या कचऱ्याच्या बादलीत तळाला ठेवला. जागा भरायला मुंगीचं चित्र लावलं. सकाळी मावशी नेहमीसारख्या कचरा घेऊन गेल्या. मी सुटकेचा चहा प्यायलो.

पाऊण तासाने बेल वाजली. दार कन्येने उघडलं.

"दादा, पोरीचं चित्र चुकून आलं बघा सुक्यात," मावशी म्हणाल्या. पुठ्ठा वेगळा करताना त्यांना सापडलं होतं. घड्या त्यांनी हाताने नीट सपाट केल्या होत्या. "म्हटलं, पोर रडंल."

"अरे बापरे, असं कसं गेलं!" मी म्हणालो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काही बोलली नाही. तशी ती क्वचितच गप्प असते.

"तुला आवडलं का?" कन्येने मावशींना विचारलं.

"लई झ्याक. बाबा अगदी असेच दिसतात."

"मग तुलाच घे!"

मी मनात म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवसापासून चित्र मावशींच्या ढकलगाडीच्या पुढच्या बाजूला आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारेने चारी कोपरे पक्के बांधलेलं. पाऊस लागत नाही, वारा लागत नाही, रंग जात नाही. एवढी नीट मांडणी आमच्याकडून वर्षभरात झाली नव्हती. गाडी आमच्या सोसायटीच्या तिन्ही विंगांत फिरते, मग शेजारच्या दोन सोसायट्या, मग बागेवरून वळून मुख्य रस्त्याला लागते.

गेल्या शनिवारी बायको म्हणाली, चल, बागेत मीही येते. कोपऱ्यावर आलो. वडेवाला झाऱ्याने तेल निथळवत होता. त्याने मला बघितलं, ओळखीचं हसला आणि कन्येच्या गालाला हात लावून म्हणाला, "चित्र बघितलं हं बेटा गाडीवर. एक नंबर. पण एक वडा कमी काढलास."