आधी पाथरवट, मग राजवाडा

रायगडावरचा राजवाडा पुन्हा उभारावा की उरलेली जोतीच जपावीत, हा आपल्याकडचा जुना वाद. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत आले, तेव्हा माझ्या मित्रांमध्ये तो पुन्हा पेटला. मी कोलोनमध्ये राहतो, म्हणून उभारणीच्या बाजूचे मित्र इथल्या कॅथेड्रलचा दाखला देतात: जर्मनांनी तीनशे वर्षं अडलेलं काम पुरं केलं, मग आपण का नाही?

दाखला चांगलाच आहे, पण अर्धाच सांगितला जातो.

15 ऑगस्ट 1248 ला इथे पाया घातला गेला. येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी 1164 मध्येच मिलानहून शहरात आल्या होत्या. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या ओढीने येणाऱ्या यात्रेकरूंसाठी, एवढी मोठी वास्तू हवी होती. वेदीकडचा भाग 1322 मध्ये आशीर्वादित झाला. पुढे पैसा आणि उत्साह दोन्ही आटले आणि 1560 च्या सुमारास काम थांबलं. अर्धवट दक्षिण मनोऱ्यावरची लाकडी यारी मात्र 1868 पर्यंत तशीच उभी होती.

काम पुन्हा सुरू करण्याचं बळ एका चर्मपत्राने दिलं. दर्शनी भागाचा चार मीटरहून उंच मध्ययुगीन आराखडा हरवला होता. त्याचा एक अर्धा 1814 मध्ये डार्मश्टाटला सापडला, दुसरा 1816 मध्ये पॅरिसला. 1842 मध्ये प्रशियाच्या, म्हणजे तेव्हा कोलोन ज्याच्या ताब्यात होतं त्या जर्मन राज्याच्या, प्रोटेस्टंट राजाने या कॅथलिक चर्चच्या कामाची नव्याने पायाभरणी केली, आणि त्याच वर्षी नागरिकांनी निधीसाठी संस्था स्थापन केली. मनोरे जुन्या रेखाटनाप्रमाणे चढले. छताचा सांगाडा मात्र लोखंडाचा केला, आणि तो जुना असल्याचा आव कुणी आणला नाही. 1880 मध्ये 157 मीटरचे मनोरे पूर्ण झाले. त्या सोहळ्यात राजसत्तेचाच गाजावाजा होता. इथले आर्चबिशप तेव्हा सरकारशी झालेल्या संघर्षामुळे परागंदा होते. वारसा पूर्ण करणारा हात त्यावर हक्कही सांगतो, हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको.

रायगडाच्या राजवाड्याचा असा आराखडा आपल्याकडे नाही. 1818 च्या इंग्रजांच्या तोफांनी गड जाळला. उरली ती जोती आणि राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनसारख्यांची टिपणं. तेवढ्यावर भिंती चढवल्या तर तो आजच्या वास्तुविशारदाचा राजवाडा होईल, महाराजांचा नाही. महाराजांवर ज्यांचं प्रेम आहे त्यांनीच याला विरोध करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मित्र ज्याबद्दल कधीच विचारत नाहीत, ती गोष्ट म्हणजे इथली कायमची कार्यशाळा. पाथरवट, काचकाम करणारे, लोहार, सुतार वर्षभर पगारावर असतात. एक दगड बदलायचा तरी त्याची नोंद होते. दुसऱ्या महायुद्धात चर्चवर बॉम्ब पडले आणि उत्तर मनोऱ्याच्या खांबाला भगदाड पडलं. तेव्हा ते घाईने विटांनी बुजवलं होतं. त्या विटांवर दगडी आवरण चढवायचं काम 1995 ते 2005 असं दहा वर्षं चाललं. 1842 ची ती संस्था आजही देखभालीच्या खर्चाचा मोठा वाटा उचलते.

आपल्याकडे निविदा निघते, ठेकेदार येतो, पावसाळ्याआधी बिल काढतो आणि जातो. चुन्याची घाणी चालवणारे, दगड घडवणारे हात अजून आपल्या गावांत आहेत; त्यांना गडांवर कायमची नोकरी द्या, शिकाऊ मुलं त्यांच्या हाताखाली ठेवा. राजवाड्यासाठी मागितला जाणारा पैसा आधी तिकडे वळवा.