खुलासा: वालुकाश्मातली प्रत्येक तिरपी रेघ म्हणजे थराचा कल नव्हे

‘वालुकाश्मात तिरप्या रेघा दिसल्या की थर कललेले समजा आणि तोच कोन नकाशावर डिप (थर आडव्या पातळीशी करतो तो कोन) म्हणून टाका’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

वाहत्या पाण्याने किंवा वाऱ्याने वाळूच्या लाटा पुढे सरकताना उतारावर जे पापुद्रे साचतात, त्यांच्या या रेघा. हे क्रॉस-बेडिंग. थर पूर्ण आडवा असला तरी त्यांचा कोन ३० अंशांपर्यंत भरतो.

नीट पाहा: रेघा खाली वळत जाऊन थराच्या तळाला टेकतात, वर मात्र बहुधा कापल्यासारख्या तुटतात. डिप मोजायचा तो त्यांना वर-खाली बांधणाऱ्या सलग पृष्ठाचा. शेलचा (चिखलापासून बनलेल्या खडकाचा) पातळ थर मिळाला तर सर्वांत उत्तम. पृष्ठावर वही टेकवा, आधी स्ट्राइक (पृष्ठावरच्या आडव्या रेषेची दिशा) घ्या, मग त्याला काटकोनात क्लायनोमीटर (उताराचा कोन मोजायचे साधन) धरा. उभ्या कड्यावर दिसणारी थराची नुसती रेघ मोजली तर बहुतेकदा खऱ्यापेक्षा कमी कोन येतो.

चूक किती महागात पडते? सपाट जमिनीवर डिपच्या दिशेने १०० मीटर रुंद दिसणारा थर खऱ्या ५ अंशांना सुमारे ८.७ मीटर जाड असतो. २५ अंश धरले तर तोच ४२ मीटर होतो.

रेघांचे माप वाया मात्र घालवू नका. ते वेगळ्या चिन्हाने नोंदवा, जुना प्रवाह कुठे वाहत होता ते त्यावरूनच कळते.