बघवत नाही म्हणून

"देव मानत नाहीस, मग खोटं बोलण्यापासून, कुणाचं लुबाडण्यापासून तुला अडवतं कोण?" आईने हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी कॉलेजात होते. मी फटकन म्हटलं, "म्हणजे तू फक्त देवाच्या भीतीने चांगली वागतेस?" तिला ते लागलं होतं. प्रश्न खरा होता आणि माझं उत्तर उद्धट होतं, म्हणून आज नीट लिहितेय.

शेजारच्या एका बाईंशी आईचा कित्येक वर्षं अबोला होता. त्या अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा आई रोज सकाळी जाऊन त्यांचं अंग पुसायची, कूस बदलून द्यायची. एक-दोन दिवस नाही, सात-आठ महिने. मी विचारलं, का करतेस? मला वाटलं, पुण्य म्हणेल, देवाचं नाव घेईल. ती म्हणाली, "बघवत नाही गं."

माझ्यापुरती सगळी चर्चा या उत्तराशी सुरू होते. इतकी श्रद्धाळू बाई, पण तिने देवाची आज्ञा पुढे केली नाही. तिच्या आतून काहीतरी आधीच हललं होतं.

हे 'बघवत नाही' फक्त माणसाचं नाही. 1964 साली अमेरिकेत जूल्स मॅसरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर एक प्रयोग केला. दोनपैकी कुठलीही साखळी ओढली की खायला मिळायचं, पण त्यातली एक ओढली की त्याच वेळी समोरच्या माकडाला विजेचा झटका बसायचा. ते तडफडताना दिसल्यावर बऱ्याच माकडांनी ती साखळी टाळली. एकाने पाच दिवस, तर एकाने तब्बल बारा दिवस कुठलीच साखळी ओढली नाही, उपाशी राहिलं. ज्यांनी स्वतः आधी झटके खाल्ले होते, ती माकडं जास्त माघार घेत होती. (असला प्रयोग करणाऱ्या माणसांना ते बघवलं कसं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.) त्या माकडांना कुणी धर्मग्रंथ वाचून दाखवला नव्हता.

डार्विनने 1871 मध्येच आपल्या एका पुस्तकात लिहिलं होतं की कळपाने राहण्याची ओढ असलेल्या कुठल्याही प्राण्याची बुद्धी माणसाइतकी वाढली, तर त्याच्यात सदसद्विवेक आल्याशिवाय राहणार नाही. कळपात एकमेकांना धरून राहणाऱ्यांची पिल्लं जगतात, त्या पिल्लांत तीच ओढ उतरते. मला हे पटतं. दया, लाज, अन्यायाची चीड यांची मुळं तिथे आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण माझ्याच बाजूची माणसं इथे थांबतात, आणि मला ते चुकीचं वाटतं. कारण डार्विन त्याच पुस्तकात पुढे म्हणतो की माणसं मधमाश्यांसारखी वाढली असती, तर बहिणींना भावांना मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं. उत्क्रांतीने जसं आपल्याला दया दिली तसंच परक्याचा द्वेषही दिला. वानरांच्या टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो, तेही तिच्याच हिशेबात बसतं. एखादी गोष्ट निसर्गात आहे म्हणून ती योग्य ठरत नाही. म्हणजे निसर्गाने दिलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय आवरायचं, हे दुसऱ्याच कुठल्या तरी कसोटीवर ठरवावं लागतं.

मग ती कसोटी देवाची आज्ञा का नको? इथे मला सॉक्रेटिसचा जुना प्रश्न अजूनही भक्कम वाटतो. चांगलं ते देवांना आवडतं म्हणून चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवांना आवडतं? आज्ञा केली म्हणून चांगलं ठरत असेल, तर उद्या क्रौर्याची आज्ञा झाली तर ते चांगलं म्हणायचं का? बहुतेक श्रद्धाळू माणसं ठामपणे नाही म्हणतील, देव असं सांगणारच नाही म्हणतील. म्हणजे देव कसा असावा हे मोजायची पट्टी त्यांच्याकडे आधीपासून आहे.

तरीही धर्माने काहीच दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. जॉर्ज प्राइस आठवतो. परोपकार उत्क्रांतीत कसा टिकतो हे दाखवणारं समीकरण या माणसाने 1970 साली प्रसिद्ध केलं. कट्टर नास्तिक असलेला प्राइस त्याच वर्षी ख्रिस्ती झाला, आणि पुढे लंडनमधल्या बेघर, व्यसनी माणसांना घरात घेत राहिला, जवळचं सगळं वाटून टाकलं. 1975 च्या जानेवारीत त्याने स्वतःला संपवलं. त्याच्या मनात काय चाललं होतं हे एका ओळीत सांगणं त्याच्यावर अन्याय होईल. पण नात्याची ना गोत्याची ती माणसं त्याला आपली वाटली. त्यामागे त्याची श्रद्धा होती, हे मला नाकारता येत नाही.

परवा आईला त्या माकडांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "समोर तडफडणारा दिसला म्हणून त्याने साखळी सोडली. जे दिसतच नाहीत त्यांचं काय?"

मी म्हटलं, खरी अडचण तीच आहे. दूरचे, परके, अजून जन्मालाही न आलेले, त्यांच्यासाठी आपल्या आतलं काही आपोआप हलत नाही.

"म्हणून तर देव लागतो," ती म्हणाली. "त्याला सगळे दिसतात."

मी म्हटलं, "तो बघतोय असं धरून मला निवांत बसता येत नाही, आई. ते बघणं मलाच करावं लागतं, आणि मी त्यात फार कमी पडते."

तिने माझा हात हातात घेतला. पटलं, असं मात्र ती म्हणाली नाही.