खुलासा: फरक प्लगइनचा नव्हता, पातळीचा होता

'हा सॅच्युरेशन प्लगइन मास्टरवर टाका, गाणं लगेच खुलतं' ही माझीच क्लिप सध्या ग्रुपांवर फिरते आहे. (सॅच्युरेशन प्लगइन म्हणजे आवाजात हलकी विकृती मिसळून तो भरीव करणारं सॉफ्टवेअर, आणि मास्टर म्हणजे सगळं गाणं एकत्र येतं तो शेवटचा ट्रॅक.) ती दिशाभूल करणारी आहे, माफ करा. प्लगइन चालू केला की आवाज दीड डेसिबलने वाढत होता, हे मी तपासलंच नव्हतं.

काल आउटपुटचा नॉब खाली घेऊन दोन्ही बाजू, म्हणजे प्लगइनसह आणि प्लगइनशिवाय, लाउडनेस मीटरवर (कानाला आवाज किती मोठा लागतो ते दाखवणारं मीटर) सारख्या केल्या आणि डोळे मिटून बायपास (प्लगइन वगळणारं बटण) चालू-बंद करत ऐकलं. तबल्याचा 'ना' किंचित बोथट झाला होता, बाकी काही ओळखता येईना. पातळी वाढली की कानाला खर्ज अधिक भरीव लागतो. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनी-संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. प्लगइन वाईट नाही, माझी तुलना चुकली. जुनी क्लिप कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवली असेल तर हा खुलासाही तिथेच टाका.