अंगात कणकण

माझा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२च्या घराण्यातला. चालू केला की पंधरा मिनिटांत त्याच्या अंगात कणकण भरते. मी तळहात पाठीवर ठेवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो. बायको म्हणते, "लेकीला ताप होता तेव्हा इतक्यांदा हात लावला नव्हतास."

आधी संशय अडॅप्टरवर गेला. त्यावर छापलंय ९ व्होल्ट, मल्टिमीटर म्हणतो १३! घाबरून तो फेकायला काढला आणि दोन रात्री तळमळलो. मग कळलं, असल्या अडॅप्टरला रेग्युलेशन, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवायची सोय, नसतंच. भार नसताना, म्हणजे काही जोडलेलं नसताना, तो फुशारक्या मारतो, भार पडला की ताळ्यावर येतो. नातलगांत असे नमुने बघूनही मला हे सुचू नये?

खरा ताप आत. ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर. त्याला ९ व्होल्ट द्या, तो पुढे ५ देतो. उरलेले ४ कुठे जातात? कुठेच नाही, तिथेच जळतात. प्रवाह एक अँपिअर धरला तर ४ वॅटची निव्वळ ऊब. झाकण उघडून मी त्याला बोट लावलं. पुढचा हिशेब बोट तोंडात धरूनच केला: कमी व्होल्ट दिले तर कमी ऊब! लगेच ६ व्होल्टचा अडॅप्टर जोडला. पडद्यावर नुसता रंगीत कचरा. ७८०५ला स्वतःसाठी दोनेक व्होल्टची दलाली लागते. ती मिळेना म्हटल्यावर त्याने हात वर केले. घाईघाईने वायर उपटली. (याला बंद करायचं बटणच नाही, त्यामुळे घाबरणं आणि बंद करणं एकाच झटक्यात होतं.)

बरं, पथ्यंही कमी नाहीत. खालच्या १६ किलोबाइट मेमरीतल्या ४११६ चिपांना तीन व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. बारा चालू असताना उणे पाच गायब झाले की चिपा मरू शकतात. शून्याहूनही कमी असलेलं काहीतरी हरवलं म्हणून प्राण सोडणारं दुसरं कोणी माझ्या माहितीत नाही.

मित्राकडे कमोडोर ६४ आहे, तोही त्याच काळातला घरगुती संगणक. त्याचा ताप बाहेर, अडॅप्टरच्या राळ ओतून बंद केलेल्या विटेत. वीट म्हातारी झाली की तिच्यातले ५ व्होल्ट कधीकधी वर चढतात आणि मेमरी भाजून निघते. त्यापेक्षा आमचं दुखणं बरं, निदान हाताला लागतं.

शेवटी ७८०५ काढून तिथे तीन पायांचाच स्विचिंग रेग्युलेटर डकवला. हा जादा व्होल्ट जाळत बसत नाही; सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून लागेल तेवढंच आत घेतो. अर्धा तास झाला, पाठ थंड. बायकोने येता-जाता हात लावला (ही खोड आता तिलाही लागलीय) आणि किंचाळली, "अरे, हा गार पडलाय!"

मी धावत आलो. पडद्यावर खेळ मजेत चालू होता. तरी मीही एकदा हात लावून पाहिलाच.